अंदमानच्या बेटावर नागपुरातून कोणती विद्युत उपकरणे न्यावीत आणि ती कशी जपावीत?

प्रश्न – त्रिमूर्तीनगरची आई

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी शिक्षिका आहे. तिची नेमणूक अंदमानातील स्वराज द्वीप या बेटावर, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत असत तेथे, झाली आहे. ती आणि जावई मागच्या महिन्यात तिकडे राहायला गेले. जड सामान मात्र अजून आमच्याकडेच आहे आणि ते रेल्वेने चेन्नईला व तेथून जहाजाने पाठवायचे आहे. एकदा सामान गेले की परत आणणे किंवा बदलून घेणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे खरेदीपूर्वी जाणकारांना विचारून घ्यावे, असे वाटले.

मुलीच्या शेजारच्या क्वार्टरमधील फ्रीज एका वर्षात दोनदा बंद पडला. दुसऱ्या वेळी श्री विजयपुरमहून, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरहून, मेकॅनिक येण्यास अठरा दिवस लागले आणि त्यानंतरही तो फ्रीज दुरुस्त झाला नाही. त्या बाई आता मुंग्या आणि ओल लागू नये म्हणून त्यात डाळ-तांदूळ ठेवतात. मुलीने हे फोनवर सहज सांगितले, पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण आमच्या जावयांना इन्सुलिन घ्यावे लागते आणि त्यासाठी फ्रीज चालू राहणे ही आमच्या घराची गरज आहे.

फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, इंडक्शन शेगडी, टीव्ही, दोन पंखे, इन्व्हर्टर व त्याची बॅटरी आणि आमच्याकडे असलेला मोठा डेझर्ट कूलर एवढे पाठवण्याचा विचार आहे. सीताबर्डीवरील एका दुकानदाराने सांगितले की आजचे फ्रीज ‘स्टॅबिलायझर-फ्री’ असतात, त्यामुळे वेगळा खर्च करू नये. दुसऱ्याने सांगितले की संपूर्ण घरासाठी मोठा सर्व्हो (आतील लहान मोटारीने व्होल्टेज जुळवणारा) स्टॅबिलायझर घेतल्याशिवाय काहीच टिकणार नाही. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

उत्तर – बेटावरची पाच वर्षे

ताई, मी मूळची नागपूरची असून यजमानांच्या नोकरीमुळे अंदमानात पाच वर्षे राहिले आहे, त्यांपैकी तीन वर्षे आपल्या मुलीच्याच बेटावर. सर्वप्रथम कूलर यादीतून काढून टाकावा. नागपूरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत ओल्या ताट्यांमधून येणारा वारा थंड होतो, कारण पाणी वेगाने वाळते आणि वाळताना उष्णता शोषून घेते. बेटावर हवा बाराही महिने पाण्याने भरलेली असते, त्यामुळे तेथे कूलर फक्त ओल वाढवतो आणि गाद्यांना बुरशी आणतो. माठातील पाणीसुद्धा तेथे आपल्यासारखे गार होत नाही. नवतपा सोसलेल्या माणसाला बेटावरचे ३०-३१ अंश तापमान ऐकून हायसे वाटते, पण घाम वाळत नाही म्हणून पंखा लागतोच, आणि म्हणूनच पंखे नीट निवडावेत.

आपण नागपूरकर कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या सावलीत राहतो आणि आपल्या घरातली वीज देशभर पसरलेल्या एका अवाढव्य जाळ्यातून येते. एखादा संच बंद पडला तरी बाकीचे जाळे भार उचलते. अंदमानला हे जाळे पोहोचलेले नाही. चेन्नईपासून सुमारे १२०० किलोमीटर समुद्र मध्ये आहे, आणि बेटाबेटांवर स्वतंत्र पॉवर हाऊस असून वीज मुख्यतः डिझेल जनित्रांवर तयार होते. श्री विजयपुरमच्या बाजूला सौर प्रकल्प झाले आहेत, उत्तरेकडे दिगलीपूरजवळ कल्पाँग नदीवर लहान जलविद्युत केंद्रही आहे, पण लहान बेटाच्या पॉवर हाऊसमधील एक जनित्र अडखळले की त्याचा धक्का थेट आपल्या स्विचबोर्डापर्यंत येतो. संध्याकाळी हॉटेले आणि घरे यांचा भार एकदम वाढला की दिवे मलूल होतात, आणि वादळात नारळाची झावळी तारेवर पडली की वीज जाते. तेथील कर्मचारी भर पावसात खांबावर चढून काम करताना मी पाहिले आहेत. अडचण त्यांच्या कष्टांत नसून त्या व्यवस्थेच्या लहानपणात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खारी हवा. आमच्या मिक्सरच्या प्लगच्या पितळी पिनांवर सहा महिन्यांत हिरवट थर चढला. प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसेना, हात लावला तर गरम लागे, आणि एके दिवशी सॉकेटचे प्लास्टिक वितळून पिवळे-तपकिरी झाले. तोपर्यंत आम्ही दोष विजेलाच देत होतो. त्यानंतर मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मेन स्विच बंद करून सगळे प्लग काढायचे, पिना बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि कोरड्या फडक्याने पुसायचे. फ्रीजच्या मागची जाळीही तेव्हाच पुसून घेत असे. फ्रीज भिंतीपासून निदान वीतभर दूर आणि समुद्राकडील खिडकीच्या वाऱ्यात येणार नाही असा ठेवावा.

वॉशिंग मशीन सेमी-ऑटोमॅटिक घ्यावे, कारण त्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड नसते, टायमर यांत्रिक असतो आणि वीज मध्येच गेली तर कपडे हाताने काढून पुढे धुता येतात. इंडक्शन शेगडी नेण्यास हरकत नाही, मात्र रोजचा स्वयंपाक गॅसवरच ठेवावा. ज्या वेळी भाकरी करायची त्याच वेळी व्होल्टेज सर्वांत कमी असते.

उत्तर – महालातील जुना वाइंडिंगवाला

ताई, चाळीस वर्षे विजेच्या मोटारी रिवाइंड करण्यात, म्हणजे त्यांतली जळालेली तार नव्याने गुंडाळण्यात, गेली. मार्च उजाडला की कूलरच्या जळालेल्या पंप-मोटारींचा ढीग माझ्या दुकानासमोर लागत असे, आणि त्या उघडल्याबरोबर येणाऱ्या जळक्या वार्निशच्या वासावरून मी सांगत असे की ही पाण्याने गेली की कमी दाबाने. आपला प्रश्न मला जवळचा वाटला म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्ही दुकानदारांनी आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली आहे. ‘वीज खराब’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळे आजार येतात आणि प्रत्येकाचे औषध निराळे आहे.

पहिला आजार कमी दाबाचा. आपल्याकडील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा मानला जातो. बल्ब किंवा इस्त्री यांना १६० व्होल्ट मिळाले तर ती मंद चालतील, एवढेच. परंतु फ्रीजच्या साध्या कॉम्प्रेसरची मोटार निराळी असते. तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १६० व्होल्टवर तो जवळजवळ निम्मा होतो. गॅसचा दाब मात्र तितकाच असतो. मग मोटार फिरू पाहते, फिरत नाही, अडकलेल्या बैलासारखी जागेवरच जोर लावते आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच तिला तोडतो, थंड झाल्यावर पुन्हा जोडतो, पुन्हा तोच प्रकार होतो. फ्रीजमागून काही मिनिटांच्या अंतराने ‘टक्’ असा आवाज येत राहिला तर तो ताबडतोब बंद करावा, कारण प्रत्येक ‘टक्’बरोबर आतील तारेवरचे वार्निश भाजत असते. यावर स्टॅबिलायझर हेच औषध आहे.

दुसरा आजार वीज परत येण्याचा, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त कॉम्प्रेसर त्यानेच जातात. वीज गेल्यावर लोक काळजी करतात. खरी काळजी ती येताना करायची असते. बेटावर पुरवठा परतला की प्रत्येक घरातला फ्रीज आणि पंप एकाच क्षणी उठतो, दाब खाली बसतो, मग एखादी लाइन ट्रिप झाली की उरलेल्यांवर तो एकदम चढतो. त्यात वीज दोनच मिनिटांनी परतली असेल तर कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब अजून सारखा झालेला नसतो आणि मोटारीला भरल्या गाड्याला चढावर धक्का द्यावा तसे सुरू व्हावे लागते. म्हणून स्टॅबिलायझर घेताना त्यात निदान तीन मिनिटांचा टाइम डिले आहे ना, हे दुकानातच प्लग काढून-लावून पाहावे.

तिसरा आजार न्यूट्रल तुटण्याचा. खांबावरून तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, येतात; दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटला, किंवा गंजामुळे सुटला, की वेगवेगळ्या फेजवरील दोन घरे नकळत एकमेकांच्या मालिकेत जोडली जातात आणि ज्या घरात भार कमी त्या घरावर तीनशेच्या वर व्होल्ट चढू शकतात. डीपीवर असे झाले की गल्लीतले टीव्ही एकदम जातात, हे आपण नागपुरातही पाहिले असेल. साधा स्टॅबिलायझर अशा वेळी फ्रीजला वाचवेलच असे नाही, अनेकदा तो स्वतःच जळतो. आणि घरातील बाकीच्या वस्तूंवर तर तो नसतोच. यासाठी मुख्य बोर्डात, मीटरनंतर, व्होल्टेज प्रोटेक्टर बसवावा. एमसीबीच्या (जादा करंट झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचांच्या) रांगेत बसणारे हे छोटे उपकरण व्होल्टेज आकड्यात दाखवते, ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेले की क्षणात घराचा पुरवठा तोडते आणि ठरवलेल्या वेळेनंतर आपोआप जोडते. ते व्होल्टेज सुधारत नाही. घरभर सर्व्हो लावण्याच्या खर्चाच्या मानाने हा अगदी किरकोळ खर्च आहे आणि आपल्या यादीत मी तो फ्रीजच्याही आधी लिहीन.

चौथा आजार आकाशातील विजेचा. तिचा तडाखा सेकंदाच्या लक्षांशात येऊन जातो. तेवढ्या वेळात स्टॅबिलायझरची रिले, म्हणजे आतील आपोआप चालणारा स्विच, हलतसुद्धा नाही आणि प्रोटेक्टरही नाही. त्यासाठी मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, टाइप २ प्रकारचे, लावतात. ते जादा ऊर्जा अर्थिंगमध्ये ढकलते, म्हणून अर्थिंग धड नसेल तर ते असून नसल्यासारखे आहे. बेटावरच्या कोरड्या वाळूत उथळ पुरलेली लोखंडी पट्टी म्हणजे अर्थिंग नव्हे. ओल लागेपर्यंत खोल गेलेला तांब्याचा किंवा जाड तांबे चढवलेला रॉड हवा. काही इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थ यांच्यात शंभर वॉटचा बल्ब पेटवून दाखवतात आणि अर्थिंग उत्तम आहे असे सांगतात. तो बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अर्थ टेस्टरने मोजून ओहममध्ये आकडा मागावा. क्वार्टर सरकारी असल्यामुळे ही मागणी लेखी अर्जाने करावी आणि पोच घ्यावी.

एवढे करूनही गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग काढावा आणि त्याबरोबर डिश अँटेनाची वायरही काढावी. दुसरी गोष्ट लोक विसरतात.

एक विनंती आहे. खरेदी करण्यापूर्वी जावयांना प्लगमध्ये लावायचा साधा डिजिटल व्होल्टमीटर घेण्यास सांगावे आणि आठवडाभर दिवसातून चार-पाच वेळा आकडे लिहून ठेवण्यास सांगावे. आकडे पाहिल्याशिवाय स्टॅबिलायझर निवडणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे.

उत्तर – सदरचा फ्रीज मेकॅनिक

वाइंडिंगवाले काका यांनी लिहिलेले सर्व योग्य आहे. फ्रीजच्या निवडीबाबत मी भर घालतो, कारण दुकानात आपल्याला बहुधा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा (म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटने मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा; घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही), दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री म्हणजे बर्फ साचू न देणारा फ्रीज सुचवला जाईल.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तांत्रिकदृष्ट्या चांगला आहे, हे मी आधीच मान्य करतो. तो सुरू होताना झटका घेत नाही, वीज कमी खातो आणि आतील सर्किट प्रथम पुरवठ्याचे डीसीत रूपांतर करत असल्यामुळे कमी व्होल्टेजवर आणि जनित्राच्या ५० हर्ट्झवरून घसरलेल्या फ्रिक्वेन्सीवरही चालतो. स्टॅबिलायझर फ्रिक्वेन्सी सुधारू शकत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. ‘स्टॅबिलायझर-फ्री’ हा शब्दही खोटा नाही. मात्र त्याचा अर्थ एवढाच की माहितीपत्रकात बारीक अक्षरात दिलेल्या मर्यादेत, उदाहरणार्थ १३० ते ३०० व्होल्टमध्ये, फ्रीज चालेल. मर्यादेबाहेर काय होईल, याची हमी तो शब्द देत नाही. उलट बहुतेक वॉरंटी कार्डांवर असामान्य व्होल्टेज आणि वीज पडणे यांमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. ते कार्ड पैसे देण्यापूर्वी वाचण्यास मागावे.

माझी खरी शंका फ्रीजमधील इलेक्ट्रॉनिक कार्डाबद्दल, म्हणजे सर्किट बोर्डाबद्दल, आहे. इन्व्हर्टर फ्रीजचे कार्ड त्या-त्या मॉडेलचेच लागते. नागपुरात ते चार दिवसांत मागवता येते. बेटावर दमट खाऱ्या हवेत तांब्याच्या रेषा हिरव्या पडून, किंवा पाल आत शिरून, ते कार्ड गेले तर मेकॅनिक प्रथम बोटीने पाहायला येईल, मग चेन्नईहून कार्ड मागवेल आणि पुन्हा बोटीने बसवायला येईल. साध्या, एका दाराच्या, १८०-१९० लिटरच्या डायरेक्ट-कूल (म्हणजे आत पंखा नसलेल्या, बर्फ साचणाऱ्या) फ्रीजमध्ये असे कार्ड नसते. त्याची मोटार सुरू करणारी रिले आणि ओव्हरलोड हे दोन भाग मुठीत मावतात, पाच मिनिटांत बदलता येतात, आणि आपण त्यांचा जादा जोड येथूनच बरोबर देऊ शकता. मात्र तो फ्रीज स्टॅबिलायझरशिवाय एक दिवसही लावू नये.

उत्तर – बेटावरची पाच वर्षे

मेकॅनिक दादांशी मी येथे पूर्ण सहमत नाही. आमचा फ्रीज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा होता, तो स्टॅबिलायझरवर चार वर्षे विनातक्रार चालला आणि रात्रभर वीज नसताना घरच्या इन्व्हर्टरवरही चालवता आला, जे साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रीजला सुरू होतानाच्या झटक्यामुळे जमले नसते. ज्या घरात औषध ठेवायचे आहे, तेथे मला हा गुण मोठा वाटतो.

उत्तर – सदरचा फ्रीज मेकॅनिक

आपला अनुभव मोलाचा आहे आणि बाहेर दुरुस्तीची सोय असती तर मीही तेच सुचवले असते. रात्रभर वीज नसण्याचे प्रसंग वारंवार येत असतील तर आपली बाजू जड आहे. तास-दोन तासच वीज जात असेल तर दार न उघडता फ्रीज चारेक तास गारवा धरतो. फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि वीज गेली की त्यांतली एक खालच्या कप्प्यात आणावी, म्हणजे आणखी वेळ मिळतो. निर्णय वीज किती वेळ जाते यावर घ्यावा, दुकानातील सवलतीवर नव्हे.

उत्तर – मेडिकल चौकातील फार्मासिस्ट

इन्सुलिनबद्दल थोडक्यात लिहितो. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. वापरात असलेले पेन किंवा कुपी बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे खोलीच्या तापमानात, साधारण ३० अंशांच्या आत, चालते, पण नेमकी मुदत त्या-त्या डब्यातील कागदावर वाचावी आणि डॉक्टरांकडून खात्री करावी. त्यामुळे दोन-तीन तास वीज गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. धोका उलट बाजूने अधिक आहे: गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी वापरायचे नसते. डायरेक्ट-कूल फ्रीजमध्ये ते फ्रीझरच्या लगत किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि गोठवलेली बाटली खाली आणाल तेव्हा ती औषधाच्या डब्याला चिकटणार नाही असे पाहावे. आत एक साधा थर्मामीटर ठेवावा.

त्रिमूर्तीनगरची आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. जावयांनी व्होल्टमीटर लावून आठ दिवस आकडे लिहिले. पहाटे पाचच्या सुमारास २३८ ते २४२, दुपारी २२० ते २२८, संध्याकाळी सात ते नऊ १७२ ते १८५ आणि सर्वांत कमी आकडा १६४. वीज आठ दिवसांत सहा वेळा गेली, बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासासाठी आणि एकदा सव्वातीन तास. परत येताना एकदा २५८ दिसले आणि काही सेकंदांतच ते १९० वर आले. यावरून काय घ्यावे? इन्व्हर्टरची बॅटरी येथून न्यावी का?

उत्तर – महालातील जुना वाइंडिंगवाला

ताई, असे टिपण माझ्याकडे येणाऱ्या कारखानदारांनीही कधी आणले नाही. जावयांना माझ्याकडून शाबासकी सांगावी.

दाब १६४ च्या खाली गेलेला नाही, म्हणून ९० व्होल्टपासून चालणारे महाग मॉडेल घेण्याची गरज नाही. १३० ते ३०० व्होल्ट या मर्यादेचा, फ्रीजसाठी मिळतो तो अर्धा केव्हीएचा, टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर पुरेल. त्याच्यावर दुसरे काहीही जोडू नये. मुख्य बोर्डातील प्रोटेक्टरची खालची मर्यादा मात्र १७० वर ठेवू नये. तसे केल्यास रोज संध्याकाळी मुलगी अंधारात बसेल. ती १५० वर, वरची २६५ वर आणि जोडण्याचा विलंब तीन मिनिटांवर ठेवावा. १५० ते १८० च्या दरम्यान पंखे-दिव्यांना इजा नाही आणि फ्रीजची काळजी स्टॅबिलायझर घेईल.

बॅटरी येथून नेऊ नये. आत आम्ल असलेली जड वस्तू रेल्वे आणि जहाजाच्या उतरचढीत देण्यापेक्षा ती श्री विजयपुरमला घेतलेली बरी, म्हणजे वॉरंटीसाठी दुकानही जवळ राहील. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखाच पुरवठा देणारा, घ्यावा. हिशेब असा की १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत १८०० वॉट-तास साठतात. त्यांतील दोन-तृतीयांश, म्हणजे १२००, हाती येतील असे धरावे. जुने ७५ वॉटचे दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून सुमारे १९५ वॉट होतात, म्हणजे सहा तास. त्याऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटारीचे) पंखे नेले तर तीच बॅटरी अकरा तास पुरते, आणि हे पंखे कमी व्होल्टेजवरही त्याच वेगाने फिरतात. पैसे खर्च करायचे असतील तर मोठ्या बॅटरीऐवजी या पंख्यांवर करावेत.

आणखी एक बाब कारागीर सहसा सांगत नाहीत. इन्व्हर्टरच्या मागे एक लहान स्विच असतो, त्यावर यूपीएस आणि नॉर्मल असे दोन पर्याय असतात. यूपीएसवर ठेवले तर साधारण १८० व्होल्टच्या खाली तो वीज असूनही बॅटरीवर जातो. आपल्या आकड्यांप्रमाणे तो रोज संध्याकाळी दोन तास विनाकारण बॅटरी खाईल आणि रात्री खरोखर वीज गेली की बॅटरी रिकामी असेल. तो स्विच नॉर्मलवर ठेवावा.

फ्रीजबाबत वीज जाण्याचा कालावधी पाहता मी सदरच्या भावाच्या बाजूने आहे.

त्रिमूर्तीनगरची आई

ठरवले. एका दाराचा साधा फ्रीज, त्याचा स्टॅबिलायझर, प्रोटेक्टर, सर्ज डिव्हाइस, सेमी-ऑटोमॅटिक मशीन आणि दोन बीएलडीसी पंखे घेतले. रिले-ओव्हरलोडचे दोन जोड एका डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह बंद करून ठेवले आहेत. कूलर येथेच राहील. पार्सलवाले म्हणतात की जागा कमी असल्यास फ्रीज आडवा ठेवावा लागेल. चालेल का?

उत्तर – सदरचा फ्रीज मेकॅनिक

शक्यतो उभाच पाठवावा, आणि खोक्यावर चारही बाजूंनी वरची दिशा दाखवणारे बाण मोठ्या अक्षरांसह रंगवावेत. आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत उतरते. आडवा आला असल्याची शंका जरी असली, तरी घरी पोहोचल्यावर पूर्ण एक दिवस उभा ठेवून मगच सुरू करावा. सुरू करण्याची पहिली वेळ संध्याकाळची नसावी. आपल्या टिपणाप्रमाणे पहाटेची असावी.

त्रिमूर्तीनगरची आई

दोन महिन्यांनी लिहीत आहे. सामान सुखरूप पोहोचले. फ्रीज पहाटे साडेपाचला सुरू केला आणि तेव्हापासून चालू आहे. शेजारच्या बाईंनीही प्रोटेक्टर मागवला आहे. एक नवी अडचण आहे: अर्थिंग नव्याने झाल्यावर बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवला, तो जोराचा पाऊस सुरू झाला की पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. तेथील एका मुलाने तो काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे.

उत्तर – महालातील जुना वाइंडिंगवाला

कृपा करून काढू देऊ नका. तो उपकरणांसाठी नसून माणसांसाठी आहे. पावसात पडतो याचा अर्थ कोठेतरी पाणी शिरून करंट गळत आहे आणि तो ते सांगत आहे. सर्व एमसीबी बंद करून आरसीसीबी चढवावा, मग एकेक एमसीबी चालू करत जावे. ज्याच्यावर तो पडेल त्या सर्किटमध्ये दोष आहे. माझा पहिला संशय अंगणातील दिव्याच्या होल्डरवर आणि दुसरा बाहेरच्या भिंतीवरील पंपाच्या सॉकेटवर आहे. त्या दोन ठिकाणी पाऊस थांबल्यावर, मेन स्विच बंद करून, झाकण उघडून पाहण्यास सांगावे आणि आत काय दिसले ते येथे कळवावे.